चिखलात हात घातल्याशिवाय

नोव्हेंबर १७७६. इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा काठीने तळाचा चिखल ढवळत होता. वर आलेले बुडबुडे त्याने पाण्याने भरलेल्या उलट्या बाटलीत पकडले. पुढे त्या वायूला ज्योत दाखवली, तर तो पेटला. मिथेनची ओळख विज्ञानाला झाली ती अशी.

पाणथळ जागेचं शास्त्र शिकवायला मला अजूनही हीच सुरुवात सगळ्यात चांगली वाटते. काठी घ्यावी, चिखल ढवळावा, बुडबुडे बघावेत. सडक्या अंड्यासारखा वास आला की मुलं नाक दाबतात आणि ‘घाण’ म्हणतात. तिथेच थांबून समजावून सांगायचं. ऑक्सिजन हवेत पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्यामुळे चिखलात काही मिलिमीटर खालीच तो संपलेला असतो. तिथले जीवाणू मग सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच हा वास. अशा चिखलात पालापाचोळा धड कुजत नाही, त्यातला कार्बन साठून राहतो. पीट नावाची दलदलीची माती जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापते, पण तिच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त आहे.

मग पाणकणसाचं एक पान आडवं कापून दाखवावं. आत पोकळ कप्पेच कप्पे दिसतात. या वाटेने हवा मुळांपर्यंत उतरते, म्हणून ही वनस्पती बिनऑक्सिजनच्या चिखलात तग धरते.

खरी गंमत मात्र पांढऱ्या ट्रेमध्ये. बारीक जाळी झाडांच्या बुडाशी फिरवून ट्रेमधल्या पाण्यात उलटी करायची आणि मिनिटभर गप्प बसायचं. आधी नुसता गाळ दिसतो. मग गाळाचा एक तुकडा चालू लागतो! ते चतुराचं पिल्लू असतं. त्याचा खालचा ओठ दुमडलेला असतो; भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटकन पुढे फेकला जातो. त्याचे कल्ले गुदाशयात असतात आणि जोरात पळायचं झालं, तर तिथलंच पाणी पिचकारीसारखं मागे सोडून ते पुढे झेपावतं. हे ऐकून हसलेली मुलं ते विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ट्रेमध्ये कोण आहे यावरून पाण्याची तब्येतही कळते. मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या कीटकाची पिल्लं पाण्यात वाढतात; त्यांचे नाजूक कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना असतात. ऑक्सिजन घटला की मेफ्लायच्या बहुतेक जाती नाहीशा होतात. उलट काही चिलटांच्या लालभडक अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे जवळजवळ गुदमरलेल्या पाण्यातही त्यांचं चालतं. फक्त लाल अळ्याच सापडू लागल्या, तर वर कुठून सांडपाणी येतंय का ते बघावं. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते. हे जीव मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात.

पण त्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जायला हवं. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून त्या दिवशी दरवर्षी कार्यक्रम होतात. ते व्हावेतच. तरी निधी हाती असेल तर मी तो इमारतीवर आणि फलकांवर घालवणार नाही. चार जाळ्या, ट्रे, दहापट मोठं दाखवणारी भिंगं, एक जाड वही आणि वर्षभर येत राहणाऱ्या मार्गदर्शकाचं मानधन, एवढ्याला आधी द्यावा. १९६७ पासून चाललेली पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना प्रामुख्याने स्वयंसेवकांच्याच जोरावर उभी आहे. वहीत काठावरच्या मासेमारांचंही लिहून घ्यावं: पाणी कुठवर चढायचं, कोणता मासा दिसेनासा झाला.

एक काळजी मात्र घ्यायचीच. जीव त्याच पाण्यात परत सोडायचे, आणि दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी जाळ्या-बूट धुऊन कडक वाळवायचे. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या साहित्यावरूनही पसरू शकते.

तळं आटलं तरी वही बंद करू नये. तळाची मूठभर सुकी माती बरणीत घालून क्लोरीन नसलेलं पाणी ओतावं आणि बरणी उजेडात ठेवावी. बारीक कवचधारी जीवांची अंडी त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तीन-चार दिवसांनी भिंग लावून बघावं. अनेकदा पाण्यात ठिपके हलू लागलेले असतात.