कुडुंबश्री : कोविड महासाथीतील आरोग्यसाहाय्य

केरळमधील महिलांच्या शेजारगटांनी २०२० पासून कोविड-१९ च्या साथीत आरोग्ययंत्रणेला केलेले साहाय्य. कुडुंबश्री ही केरळ शासनाची दारिद्र्यनिर्मूलन योजना असून तिचे उद्घाटन १७ मे १९९८ रोजी मलप्पुरम येथे तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. दहा ते वीस शेजारणींचा गट हा तिचा पाया. अशा गटांचा वॉर्डनिहाय संघ आणि त्यावर पंचायत वा नगरपालिका पातळीवरील सोसायटी, अशी तिची तीन स्तरांची रचना आहे. महाराष्ट्रातील बचत गटांप्रमाणे येथेही बचत आणि अंतर्गत कर्जव्यवहार चालतो. मात्र कुडुंबश्रीची वीण स्थानिक स्वराज्य संस्थांशी प्रथमपासूनच घट्ट आहे. शिवाय प्रत्येक गटाच्या पाच पदाधिकाऱ्यांपैकी एकीकडे आरोग्य व शिक्षणाची जबाबदारी असते. साथ आली तेव्हा घरोघरी पोहोचणारी माणसे नव्याने शोधावी लागली नाहीत, याचे कारण या साध्याशा तरतुदीत आहे.

भारतातील पहिला कोविड रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी त्रिशूर येथे आढळला. मार्चमध्ये ‘ब्रेक द चेन’ ही हात धुण्याविषयीची मोहीम सुरू झाली, तेव्हा साप्ताहिक बैठका बंद पडल्याने गटांनी व्हॉट्सॲपचा आधार घेतला. सुमारे १.९ लाख व्हॉट्सॲप गटांतून २२ लाख सदस्यांपर्यंत अधिकृत सूचना पोहोचत होत्या. अफवांना उत्तर देण्याचे कामही तेथेच होई. शिवणकाम करणाऱ्या गटांनी धुऊन पुन्हा वापरता येणारे सुती मास्क शिवले आणि काही गटांनी सॅनिटायझर तयार केले.

सर्वांत मोठे काम मात्र स्वयंपाकघरातले होते. टाळेबंदी लागताच स्थानिक संस्थांनी उघडलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरांचा भार प्रामुख्याने कुडुंबश्रीच्या महिलांनी उचलला. विलगीकरणातील कुटुंबे, एकटे वृद्ध आणि अडकून पडलेले परप्रांतीय मजूर यांना जेवण मिळाले नसते, तर ‘घरीच थांबा’ हा वैद्यकीय सल्ला पाळणे त्यांना शक्यच नव्हते. म्हणून या अन्नपुरवठ्याची गणना आरोग्यसेवेतच करणे योग्य ठरते. उत्पन्न थांबलेल्या सदस्यांसाठी राज्य शासनाने गटांमार्फत २,००० कोटी रुपयांची बिनव्याजी कर्जयोजनाही जाहीर केली.

या कार्याच्या गौरवात एक बाब सहसा झाकली जाते. ‘स्वयंसेवा’ या नावाखाली झालेले बरेचसे श्रम बिनमोल वा अल्प मोबदल्याचे होते, आणि घरकामाचा वाढलेला बोजाही त्याच महिलांवर होता. २० रुपयांत जेवण देणारी ‘जनकीय हॉटेले’ याच काळात राज्यभर पसरली. त्यांना दर थाळीमागे १० रुपये अनुदान मिळे. परंतु ते वेळेवर हाती न आल्याने अनेक गट कर्जात सापडले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने ते अनुदान बंद केले.