व्वा व्हेर्त

व्वा व्हेर्त : मोटारी व मोटारसायकलींना मज्जाव असलेली, सायकलस्वार, पायी चालणारे, स्केटिंग करणारे व घोडेस्वार यांच्यासाठी राखलेली फ्रान्समधील वाट. फ्रेंचमध्ये ‘व्वा’ म्हणजे वाट आणि ‘व्हेर्त’ म्हणजे हिरवी. पहिला शब्द मराठी कानाला दाद दिल्यासारखा वाटतो हा निव्वळ योगायोग, पण या वाटेला तो शोभतो. फ्रेंच वाहतूक नियमावलीत या संज्ञेला १६ सप्टेंबर २००४ च्या आदेशाने जागा मिळाली. मात्र फ्रान्समधील पहिली व्वा व्हेर्त मानली जाणारी झिव्री ते क्लूनी ही ४४ किमी.ची वाट १९९७ मध्येच बर्गंडीच्या दक्षिण भागात खुली झाली होती. निळ्या चौकोनी फलकावर पांढऱ्या रेषांत चालणारा माणूस व सायकलस्वार दिसला, की व्वा व्हेर्त सुरू झाली असे समजावे.

तिची गल्लत ‘व्हेलोरूत’शी होऊ देऊ नये. व्हेलोरूत म्हणजे खुणांचे फलक लावलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. तो व्वा व्हेर्तवरून जाऊ शकतो, तसाच खेड्यापाड्यांच्या कमी रहदारीच्या डांबरी रस्त्यांवरूनही जातो, आणि तिथे ट्रॅक्टर किंवा मोटार समोर येतेच. अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा ‘युरोव्हेलो ६’ हा असाच मिश्र मार्ग आहे. मुलांना घेऊन किंवा बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसून निघणाऱ्याने नकाशात हा फरक आधी पाहावा. या दोन्ही प्रकारच्या मार्गांचा राष्ट्रीय आराखडा फ्रेंच शासनाने १९९८ मध्ये मंजूर केला.

बर्गंडी सपाट आहे अशी समजूत करून घेऊन पुष्कळ लोक येतात. प्रदेश तसा मुळीच नाही. द्राक्षमळे उतारांवर आहेत, गावे टेकड्यांवर आहेत, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड ओलांडावी लागते. सपाट आहे ती फक्त वाट, कारण बहुतेक व्वा व्हेर्त जुन्या लोहमार्गांच्या भरावांवर किंवा कालव्यांच्या काठाने गेलेल्या आहेत. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे. खंडाळ्याच्या घाटात १:३७ (३७ मीटर अंतराला एक मीटर) एवढ्या चढालाही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. म्हणून अभियंत्यांनी जिथे टेकडी आली तिथे ती खोदली, ओढा आला तिथे भराव घातला आणि वळणे मोठी ठेवली. इंजिनाच्या सोयीसाठी केलेल्या त्या खर्चाचे फळ आज सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना मिळते.

हे लोहमार्ग एवढे होते तरी कशाला, याचे उत्तर बरेचसे राजकारणात सापडते. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या १८७९ च्या योजनेने देशाच्या कानाकोपऱ्यांत लोहमार्ग नेण्याचे ठरले. लहानसहान तालुक्याच्या गावांनाही गाडी हवी होती, आणि मतदारांना खूश करायचे होते. त्याच योजनेने कालव्यांवरच्या जलपाशांची, म्हणजे नावा वरखाली नेण्यासाठी दारे लावलेल्या हौदांची, मोजमापेही प्रमाणित केली. पुढे बस आणि मालमोटारी आल्या, उतारू घटले. १९३८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीय महामंडळ झाल्यापासून शाखामार्ग एकेक करून बंद पडत गेले. रूळ उचलले, खडी उरली, दोन्ही अंगांनी झाडे माजली. काही स्थानके लोकांनी घरांसाठी विकत घेतली. फाटकवाल्यांची छोटी घरे मात्र वाटेवर अजून ठिकठिकाणी दिसतात.

कालव्याकाठच्या वाटेचे गणित वेगळे. पूर्वी मालवाहू नावा घोडे, खेचरे आणि प्रसंगी माणसे दोराने ओढून नेत. त्यांच्यासाठी पाण्याला लगटून वाट ठेवलेली असे. दोन जलपाशांच्या मध्ये पाणी स्थिर, म्हणून वाटही सरळ सपाट. जलपाश आला की साधारण दोन-तीन मीटरांचा छोटासा चढ किंवा उतार, आणि पुन्हा सपाट. लांब अंतर कापायला ही वाट उत्तम, पण एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडांची रांग असे तासन्‌तास पाहून काहींना कंटाळा येतो, हेही खरे.

झिव्री–क्लूनी वाटेवर तशी शक्यता कमी. झिव्री आणि ब्यूसी ही द्राक्षमळ्यांची गावे मागे पडली की सें-झांगू-ल-नास्योनाल लागते. क्रांतीपूर्वी याचे नाव सें-झांगू-ल-रोयाल होते. राजा गेला, राष्ट्र आले, आणि तेवढा शब्द बदलला. पुढे कोर्मातँचा सतराव्या शतकातला खंदकाने वेढलेला वाडा आणि टेकडीवर तेझे. तिथे १९४० मध्ये ब्रदर रोझे यांनी सुरू केलेल्या ख्रिस्ती मठसमुदायात दर उन्हाळ्यात जगभरातून तरुण येतात. पाठीवर मोठी पिशवी घेऊन वाटेवर चालताना दिसणारी बरीच मुले तिकडचीच असतात. वाटेपासून काही किलोमीटर आत शापेझचे अकराव्या शतकातले चर्च आहे. त्याचा घंटामनोरा गावाच्या मानाने फारच उंच असल्याने दुरून आधी तोच दिसतो.

क्लूनीचा मठ ९१० मध्ये आक्वितेनचा ड्यूक गियोम याने दिलेल्या जमिनीवर उभा राहिला आणि दोन शतकांत त्याच्या शाखा युरोपभर पसरल्या. १०८८ मध्ये सुरू झालेले त्याचे तिसरे चर्च सुमारे १८७ मीटर लांब होते. रोममधील सेंट पीटर सोळाव्या-सतराव्या शतकांत नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. फ्रेंच क्रांतीनंतर ते विकले गेले आणि कित्येक वर्षे दगडाच्या खाणीसारखे तोडले गेले. आज त्याचा एक लहानसा अंश, दक्षिणेकडची बाजू आणि तिच्यावरचा मनोरा एवढेच उरले आहे. मोकळ्या जागेत उभे राहून खांबांची बुडे मोजली, तरी मूळ आकार डोळ्यांपुढे येत नाही. तो पाहायचा असेल तर पश्चिमेला कालव्याकाठच्या पारे-ल-मोन्यालला जावे. तिथले बाराव्या शतकातले चर्च क्लूनीच्याच धर्तीवर, पण लहान आकारात बांधलेले आहे आणि ते शाबूत आहे. युरोव्हेलो ६ त्याच गावातून जातो.

मध्ययुगीन गावे वाटेवर असतात असे पर्यटन पुस्तिका सांगतात. नेमके सांगायचे तर ती वाटेच्या वर असतात. गढी बांधणाऱ्याने शत्रू दिसावा म्हणून उंच जागा निवडली, तर लोहमार्ग व कालवा बांधणाऱ्यांनी नेमकी खालची जागा निवडली. म्हणून ब्रांस्योंची गढी किंवा बर्गंडी कालव्यावरून दिसणारे शातोनफ-आं-ओक्स्वा पाहायचे तर सायकल चढावर रेटत न्यावीच लागते, किंवा सरळ उतरून ढकलावी लागते. उलटही घडले आहे. नैऋत्य फ्रान्समधील गारोन कालव्याच्या काठी मुआसाक येथे मध्ययुगीन मठ खालीच असल्याने एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग थेट त्याच्या अंगणावर आला. मठाचे भोजनगृह पाडले गेले. ११०० मधील नक्षीदार ओवरी मात्र वाचली.

सायकलवरून हिंडण्याची फ्रेंच हौस या वाटांहून खूप जुनी आहे. ‘सायक्लोतुरिझ्म’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांना दिले जाते. ते ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहीत आणि शर्यतवाले गिअरला दुबळ्यांचे साधन म्हणत असताना गिअरचा हिरिरीने पुरस्कार करीत. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा जोडप्यांनी दोघांनी मिळून चालवायच्या जोडसायकली घेऊन समुद्र गाठला. व्वा व्हेर्तने या परंपरेत घातलेली भर एवढीच की सराव नसलेला माणूसही आता त्यात सामील होऊ शकतो.

प्रत्यक्ष प्रवासात दिवसाला ४० ते ६० किमी. हे सुखाचे अंतर आहे. ताशी २५ किमी. वेगापर्यंतच मदत करणाऱ्या विजेच्या सायकलींना इथे परवानगी असते. ‘आक्योय व्हेलो’ ही खूण असलेली मुक्कामाची घरे मार्गापासून ५ किमी.च्या आत असतात आणि सायकल कुलूपबंद ठेवण्याची सोय करतात. जेवण दुपारी बारा ते दोन या वेळेतच मिळते. अडीच वाजता भुकेले पोचणाऱ्याला गावात बंद दारे दिसतात, सोमवारी तर बारा वाजताही. पाण्याची बाटली संपली तर अनुभवी सायकलस्वार दफनभूमी शोधतात, कारण फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतो. मात्र ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी आहे का, हे पाहून घ्यावे.

क्लूनीहून दक्षिणेला माकोंकडे जाताना ब्वा-क्लेरची खिंड आडवी येते. जुन्या गाडीसाठी तिच्या पोटातून १,६०१ मीटरांचा बोगदा काढला होता. १९८१ मध्ये आलेली वेगवान गाडी अशा चढांना जुमानत नाही, ती खिंडीवरूनच जाते. बोगदा आता सायकलींसाठी आहे. आत दिवे आहेत, भर उन्हाळ्यातही थंडी वाजते, आणि पलीकडे बाहेर पडताच बेर्झे-ल-शातेलचा किल्ला द्राक्षमळ्यांवर उभा दिसतो. हिवाळ्यात बोगद्यात वटवाघळे झोपतात, म्हणून तो बंद ठेवतात, आणि त्या दिवसांत येणाऱ्या सायकलस्वाराला खिंड चढून जावे लागते.