प्रज्ञावंत विद्यार्थ्यांचा शोध आणि जोपासना (ग्रामीण विदर्भ)

आपल्या वयाच्या मुलांपेक्षा एखाद्या विषयात किंवा कलेत, खेळात खूप पुढे असलेली मुले हेरणे आणि त्यांना त्यांच्या वकुबाप्रमाणे शिकता येईल अशी सोय करणे, अशी प्रज्ञावंतांचा शोध आणि जोपासना ही दुहेरी जबाबदारी आहे. विदर्भाच्या खेड्यांत हेरण्याचे काम मुख्यतः परीक्षांवर सोपवलेले आहे. जोपासना मात्र बहुतेक वेळा गावच्या शाळेबाहेरच होते, आणि खरी उणीव तिथेच आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेंझुली यांनी 1978 मध्ये प्रज्ञेचे तीन घटक मांडले : सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामातली चिकाटी. दोन तासांच्या पेपरात यांपैकी पहिला घटक थोडाफार मोजता येतो. उरलेले दोन वर्षभर मुलाबरोबर असलेल्या शिक्षकालाच दिसतात.

या शोधाची एक मोठी सरकारी व्यवस्था म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय, ही केंद्र सरकारची निवासी शाळा. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये 1985-86 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर निघाली, त्यांतले एक अमरावतीचे आणि दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुले निवड चाचणी देतात. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. 100 गुणांपैकी 50 गुण आकृत्यांच्या मानसिक क्षमता चाचणीला, बाकीचे अंकगणित आणि भाषेला. आकृत्यांचा हा भाग मेळघाटातल्या कोरकू आदिवासी मुलाला किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासी मुलाला फारसा अडवत नाही. पण शाब्दिक उदाहरणे आणि उतारे आले की त्याची गाडी अडते, कारण पेपरासाठी निवडता येणाऱ्या भाषांत कोरकू, गोंडी वा माडिया नाही. अशा मुलाचे कमी गुण त्याच्या बुद्धीबद्दल फार थोडे सांगतात. शिवाय ही चाचणी एकदाच देता येते.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा याहून जुनी आणि अधिक घरोघरी पोचलेली आहे. पूर्वी ती चौथी व सातवीला होई. 2016-17 पासून पाचवी व आठवीला गेली. या बदलाची झळ खेड्यांना जास्त लागली. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच असल्याने, ज्या गुरुजींनी पहिलीपासून मूल पाहिले त्यांच्या हातून ते परीक्षेआधीच निघून जाई आणि जादा तास घेणारे कुणी उरत नसे. 2025 मध्ये शासनाने परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच म्हणावा लागेल.

आठवीत एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) ही केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची परीक्षा असते. निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मात्र शासकीय निवासी शाळांतली मुले तिला पात्र नाहीत. राहण्या-जेवणाची सोय सरकारच करते हे त्यामागचे कारण. पण त्यामुळे आश्रमशाळेतल्या, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतल्या, हुशार मुलाची एक चाचणी आपोआप हुकते, आणि चाचणी हुकली की त्याची नोंदही कुठे होत नाही.

परीक्षेच्या बाहेर राहणारी प्रज्ञा कशी दिसते? दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि वर्गातली हजेरी घटते. सायंकाळी कापूस मोजण्याच्या काट्यावर एखादी चौथीतली मुलगी आईचा हिशोब तोंडी करते : 37 किलो, किलोमागे 12 रुपये, म्हणजे 444, त्यातून 150 उचल वजा, हाती 294. हीच मुलगी फळ्यावरच्या वजाबाकीत हातचा विसरते, आणि प्रगतिपुस्तकात ‘गणितात सुधारणा आवश्यक’ असा शेरा घेऊन घरी जाते. शिक्षकाने तिला काट्यावर एकदा पाहिले असते तर शेरा वेगळा पडला असता.

खेळातली आणि साहसातली गुणवत्ता तर आणखी सहज निसटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधील आदिवासी विद्यार्थ्यांची निवड करून, त्यांना प्रशिक्षण देऊन ‘मिशन शौर्य’ उपक्रमात एव्हरेस्टवर पाठवले गेले आणि मे 2018 मध्ये त्यांतल्या पाच जणांनी शिखर गाठले. निवडीनंतर सराव, आहार आणि मार्गदर्शन या तिन्हींची तजवीज झाली, म्हणून हे घडले.

गावच्या शाळेतच काय करता येईल, याकडे फार कमी लक्ष जाते. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकाच खोलीत बसतात. ही अडचण आहेच, पण दुसरीतले चुणचुणीत मूल तिथे चौथीचा पाठ कान देऊन ऐकते, आणि शिक्षकाने मनावर घेतले तर त्याला त्याच पाठावरचे प्रश्न देता येतात. त्यासाठी ना वेगळा निधी लागतो, ना वेगळी तुकडी.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आवडीच्या विषयांची मंडळे शाळेपासून जिल्ह्यापर्यंत असावीत असे सुचवले आहे. धारणी किंवा भामरागडसारख्या तालुक्यात शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत) असे मंडळ भरवायचे, तर मुलांच्या परतीच्या एसटीची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते.