आयबीएस: गोळी कोणती, किती आणि कधी थांबवायची

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, हा पोटदुखीसोबत जुलाब, बद्धकोष्ठता किंवा दोन्ही देणारा आतड्याचा आजार. तो मुळापासून बरा करणारं औषध आज आपल्याकडे नाही. आहेत ती सगळी औषधं एकेका लक्षणावरची: कुणी मुरडा शमवतं, कुणी जुलाब आवरतं, कुणी मळ मऊ करतं. त्यामुळे ‘आयबीएसची गोळी’ म्हणून दुसऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेणं धोक्याचं आहे. एकाचं आतडं घाईत असतं, दुसऱ्याचं सुस्त. काहींना तर एकाच महिन्यात दोन्ही त्रास होतात, आणि गेल्या आठवड्यात गुण आलेली गोळी या आठवड्यात पोट गच्च करून ठेवते.

जुलाबांवरचं लोपेरामाइड याचं चांगलं उदाहरण आहे. रासायनिकदृष्ट्या ते अफूच्या कुळातल्या औषधांचं भावंड. आतड्याच्या भिंतीतल्या ओपिऑइड ग्राहकांना (अफूसारखी द्रव्यं ज्यांना चिकटून परिणाम करतात अशा पेशींवरच्या जागांना) ते चिकटतं, आतड्याची हालचाल मंदावते, पाणी शोषून घ्यायला वेळ मिळतो आणि मळ घट्ट होतो. नेहमीच्या मात्रेत त्याची नशा चढत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवरचं एक प्रथिन त्याला मेंदूत शिरण्याआधीच परत ढकलतं. पण ‘दोन गोळ्यांनी थांबलं नाही, आणखी चार घेऊ’ असा हिशेब इथे फार महागात पडू शकतो. अतिमात्रेत हे औषध हृदयाच्या विद्युत लयीत बिघाड करतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची कमाल मर्यादा दिवसाला ८ मिलिग्रॅम आहे. ताप असेल किंवा मळात रक्त दिसत असेल, तर हे औषध घेऊच नये. शिवाय ते जुलाब थांबवतं, पोटदुखी फारशी कमी करत नाही.

दुखण्यासाठी असतात आतड्याचे स्नायू सैलावणारी औषधं: डायसायक्लोमिन, मेबेव्हेरिन, हायोसिन. त्यातलं डायसायक्लोमिन आतड्यापुरतं थांबत नाही. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी अडू शकते. काचबिंदू किंवा वाढलेलं प्रोस्टेट असलेल्यांनी ते परस्पर सुरू करू नये. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलही बऱ्याच जणांना उपयोगी पडतात. त्यातलं मेंथॉल स्नायूपेशींत कॅल्शियम शिरू देत नाही. मात्र ही कॅप्सूल चावू नये. तिचं आवरण आतड्यात पोहोचेपर्यंत टिकायला हवं, नाहीतर छातीत जळजळ होते.

बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल ही चांगली सुरुवात आहे. थोड्या मात्रेपासून सुरू करावं, हळूहळू वाढवावं आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी प्यावं. कोरडं गिळलं तर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांची पोटफुगी आणि कळा वाढतात. इसबगोल पुरेसं पडलं नाही, तर मळात पाणी धरून ठेवणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल डॉक्टर देऊ शकतात.

रुग्णांना सर्वांत जास्त खटकते ती ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या गोळीची चिठ्ठी. ‘डॉक्टरांना माझा त्रास मानसिक वाटतो’ असा समज होतो, आणि तो मनाला लागतो. पण आयबीएससाठी दिली जाणारी मात्रा साधारण १० मिलिग्रॅमपासून ३० मिलिग्रॅमपर्यंत असते, नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी. इथे तिचं काम आतडं आणि मेंदू यांच्यामधल्या वेदनेच्या संदेशांवर चालतं. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटलांटिस’ चाचणीत सहा महिन्यांनंतर या गोळीचा गुण औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या नकली गोळीपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसला. तिने झोप येते, तोंड सुकतं, बद्धकोष्ठता वाढू शकते; म्हणून ती रात्री घेतात. हृदयाचा आजार असेल किंवा नैराश्याची दुसरी औषधं चालू असतील, तर ते आधी सांगायलाच हवं. ती एकदम बंदही करू नये.

अशी काळजी का घ्यायची, हे अॅलोसेट्रॉनच्या इतिहासात दिसतं. जुलाबाच्या आयबीएससाठी हे औषध २००० मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी मागे घेतलं गेलं, कारण काही रुग्णांच्या मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडला आणि काहींना जीवघेणी बद्धकोष्ठता झाली. २००२ मध्ये ते परतलं, पण कडक अटींसह आणि फक्त तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांसाठी.

नवं औषध एका वेळी एकच सुरू करावं आणि काही आठवडे मळाचं स्वरूप, दुखणं, घेतलेली मात्रा लिहून ठेवावी. आयबीएसमध्ये त्रास आपोआप चढतो-उतरतो, त्यामुळे नोंदीशिवाय गुण औषधाचा की काळाचा हे कळत नाही. ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर डॉक्टरांशी बोलून ते थांबवावं. आणि वजन घटत असेल, मळातून रक्त जात असेल, रक्तक्षय असेल, जुलाबांनी रात्री झोपेतून उठावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर त्यावर आयबीएसचं औषध घेण्याआधी तपासण्या करून घ्याव्यात.