सीबीएसई १०वी-१२वी: ७५% हजेरी, आजारपणाची रजा आणि सूट मागायचे कागद

सीबीएसईच्या १०वी आणि १२वीच्या परीक्षेला बसायला ७५% हजेरी लागते हे सगळ्यांना माहिती असतं, पण मुलगा किंवा मुलगी आजारी पडली की नेमकं काय करायचं हे शाळेतून फोन येईपर्यंत कोणी विचारत नाही, आणि तो फोन येतो डिसेंबरात. तोपर्यंत निम्मे कागद मिळायचे राहून गेलेले असतात, म्हणून हे आत्ताच वाचून ठेवा.

हजेरी १ जानेवारीपर्यंतची धरतात. समजा तोपर्यंत शाळा १६० दिवस भरली तर १२० दिवस हजर पाहिजे, म्हणजे हातात ४० दिवस. ऐकायला भरपूर वाटतात, पण जुलैत डेंग्यू, मग एखादा टायफॉइड किंवा कावीळ, वर घरातलं लग्न आणि गावची जत्रा, की संपले.

हजेरी कमी पडली तर सूट मागता येते, पण कारण खरंच गंभीर लागतं. लांबलेलं आजारपण, आई किंवा वडील गेले असतील तर ते, मान्यताप्राप्त मोठ्या स्पर्धेत खेळायला जाणं, किंवा असंच एखादं गंभीर कारण. कोचिंग क्लासला जात होता हे कारण चालत नाही. बोर्ड शाळांवर अचानक तपासणीला येतं आणि रजेचा अर्ज नसताना जी मुलं वर्गात दिसत नाहीत त्यांना डमी, म्हणजे नाव शाळेत पण मूल फक्त क्लासला, असं समजलं जाऊ शकतं, तेव्हा अशा डमी अॅडमिशनच्या नादी लागू नका, प्लीज.

अर्ज पालकांनी थेट बोर्डाला करायचा नसतो. तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी विनंती द्यायची, शाळा शिफारस आणि हजेरीचा तक्ता जोडून रिजनल ऑफिसला पाठवते, आपल्या महाराष्ट्र-गोव्यातल्या शाळांचं ते पुण्याला आहे. बोर्डाच्या परिपत्रकानुसार ७ जानेवारीनंतर आलेली प्रकरणं घेत नाहीत, त्यामुळे शाळेकडे डिसेंबरातच सगळं पोचलेलं बरं.

आता कागद, कारण गाडी इथेच अडते. आजारपणासाठी सरकारी डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं आणि सोबत सगळे रिपोर्ट, म्हणजे रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, जे असेल ते. आपण बहुतेक जण प्रायव्हेटमध्ये दाखवतो, मग चार महिन्यांनी सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन जुन्या तापाचं सर्टिफिकेट मागितलं तर डॉक्टर तरी कशाच्या जोरावर देणार? म्हणून आजार लांबतोय असं दिसलं की त्याच वेळी फाइल घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या. सर्टिफिकेटवर नुसतं ‘विश्रांतीचा सल्ला’ लिहिलेलं असेल तर परत काउंटरवर जा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते स्पष्ट पाहिजे, आजाराचं नाव पाहिजे, सही-शिक्का आणि डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, आणि मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरला आहे अगदी तसंच पाहिजे. वडील किंवा आई गेल्यास मृत्यू दाखला, खेळासाठी साई म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने मान्य केलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र.

पण या सगळ्याच्या आधीचा कागद म्हणजे त्या त्या वेळी दिलेला रजेचा साधा अर्ज. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘मॅडम, आज ताप आहे’ टाकलं म्हणजे रजा झाली असं नाही, बोर्ड लेखी अर्ज धरतं. आणि मूल खरंच आजारी असेल तर हजेरीच्या भीतीने शाळेत ढकलू नका हो, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच, नाहीतर अख्खा वर्ग आजारी पडायचा.

उशिराचं म्हणाल तर तो प्रत्येक शाळेचा आपापला नियम असतो, काही ठिकाणी तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात, ते डायरीत वाचा. लहान भावंडांसाठी एवढं लक्षात ठेवा की ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, उशीर झाला म्हणून तासभर उन्हात उभं केलं तर शाळेला लेखी विचारा, घाबरू नका. शिवाय महाराष्ट्र सरकारच्या ८ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरप्रमाणे चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत.

शाळेत जो कागद द्याल त्याच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या, क्लार्क ‘ठेवून जा’ म्हणाले तरी शिक्का मारून घेतल्याशिवाय निघू नका.