घटपर्णीचे झाकण मिटत नाही

घटपर्णी या कीटक पकडणाऱ्या वनस्पतीच्या घटासारख्या सापळ्यात कीटक पडताच त्याचे झाकण खटकन मिटते, असा समज फार दूरवर पसरलेला आहे. मिटण्याची ही करामत व्हीनस फ्लायट्रॅप या अमेरिकेतील वेगळ्याच वनस्पतीची. घटपर्णीचे झाकण एकदा उघडले की घट वाळेपर्यंत उघडेच राहते, आणि पावसाचे पाणी शिरून आतला पाचकरस पातळ होऊ नये हे त्याचे मुख्य काम असते. खरा सापळा घटाच्या काठात आहे. या काठावर अतिशय बारीक पन्हळी असतात, त्या पावसाने, दवाने किंवा स्वतःच्या मधुरसाने ओल्या झाल्या की त्यांवर पाण्याचा सलग पातळ थर पसरतो आणि मुंगीच्या पायांना पकडच मिळत नाही. कोरड्या दुपारी मात्र त्याच काठावर मुंग्या मध चाटून बहुधा सुखरूप परततात. हलणाऱ्या सापळ्यापेक्षा हवामानावर चालणारा हा सापळा मला कितीतरी अधिक विलक्षण वाटतो.

हा घट म्हणजे फूलही नव्हे. पानाची मधली शीर तणाव्यासारखी लांबते आणि तिच्या टोकाला तो तयार होतो; फुले अगदी लहान असून नर आणि मादी झाडे निराळी असतात.

सर्वांत मोठा गैरसमज भुकेचा आहे: ही वनस्पती कीटक खाऊनच जगते, असे मानले जाते. हिरव्या पानांची ही वनस्पती आपले अन्न इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातच तयार करते. ती निकस जमिनीत वाढते, तिथे नायट्रोजन आणि फॉस्फरस तुटपुंजे असतात, आणि ती उणीव ती कीटकांच्या शरीरातून भरून काढते. म्हणजे कीटक हे तिचे जेवण नसून खत आहे. ते कीटकांचेच असावे असेही नाही. बोर्निओ बेटावरील घटपर्णीच्या नेपेंथिस लोवी या जातीच्या मोठ्या झाडांवरील घटांत, झाकणाचा स्राव चाटायला येणाऱ्या खारीएवढ्या तुपाया प्राण्याची विष्ठा पडते आणि झाडाला मिळणाऱ्या नायट्रोजनचा मोठा वाटा तिच्यातूनच येतो. तिथल्याच नेपेंथिस हेम्सलेयाना या जातीच्या घटांत वटवाघळे दिवसा झोपतात आणि तीही विष्ठेच्या रूपाने खत देतात.

त्यामुळे कुंडीतल्या घटपर्णीला मटणाचे तुकडे भरवणे चुकीचे आहे. ते घटात कुजतात आणि घटच मरतो. मुळांना भरपूर नायट्रोजन दिल्यास नवे घट येणे कमी होते.

भारतात घटपर्णीची एकच जात रानात आढळते, मेघालयातील नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. माणसाला तिच्यापासून काहीही धोका नाही. ती स्वतः मात्र अधिवास घटल्यामुळे आणि बेसुमार उपटली गेल्यामुळे संकटात आहे, आणि म्हणूनच तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत.