ऑक्सिजनचा अर्धा अणू

एक मोल ऑक्सिजन वायूत अणू किती? नववी झालेल्या कुणालाही विचारा, बहुधा पाठ उत्तर येतं: ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या: ६०२२ आणि पुढे २० शून्यं. चूक. तेवढे रेणू. एका रेणूत अणूंची जोडी असते, म्हणून अणू १२०४४ आणि पुढे २० शून्यं. (हिंदीत शिकलेल्यांचा गोंधळ आणखी वेगळा. तिकडे 'अणु' म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा 'परमाणु'.)

  

दोनने गुणलं की हिशेब संपला. पण ते दोन आले कुठून? अणू तर कुणी पाहिलेच नव्हते! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने १८०८ साली मांडलं होतं की वायूंचा संयोग साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात होतो. दोन लिटर हायड्रोजन, एक लिटर ऑक्सिजन, आणि त्याच तापमान-दाबाला वाफ दोन लिटर. १८११ मध्ये इटलीतल्या ॲव्होगॅड्रोने धाडस केलं: तापमान आणि दाब सारखे असले, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात कण सारखेच.

आता लिटरमध्ये शंभर कण धरू. ऑक्सिजनच्या शंभर कणांतून वाफेचे दोनशे कण झाले. त्या प्रत्येकात ऑक्सिजन हवाच. शंभर जण दोनशे ठिकाणी पुरायचे, तर प्रत्येकाचे दोन भाग व्हायला हवेत. रासायनिक क्रियेत अणू तर फुटत नाही. म्हणजे तो कण एकटा अणू नव्हताच, जोडी होती!

काटेकोर बोलायचं तर यावरून अणूंची संख्या सम आहे एवढंच कळतं, चारही चालले असते. नेमके दोनच, हे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांच्या (ठरावीक वस्तुमानाचं तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) गुणोत्तरावरून पटतं. एकाणू वायूला ते सुमारे १.६७, द्विअणूला १.४, आणि ध्वनीच्या वेगावरून ते मोजता येतं.

अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनला मात्र जोडीची ही कल्पना पटली नाही. त्याच्या मते सारखे अणू एकमेकांना दूर लोटतात, ते जोडी कशी करतील? १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूहच्या रसायनशास्त्र परिषदेत इटलीच्याच कॅनिझारोने हा विचार पुन्हा पुढे आणला, तेव्हा ॲव्होगॅड्रो जाऊन चार वर्षं झाली होती.

हेलियम एकांडा, त्याला गुणाकार नको. ओझोनला तीनने गुणा. आणि पेपरात नुसतं 'एक मोल ऑक्सिजन' लिहिलं असेल, तर अणूंचा मोल की वायूचा, हे पेपर काढणाऱ्याला विचारायचा हक्क तुम्हाला आहे.